निस्तानेबाबूंची पांदण

निस्तानेबाबू चालताना समोर पाहत नसत. मान खाली, हातात सायकल, हँडलला चुन्याची पिशवी आणि नजर जमिनीवर. देवळीच्या बाजारात नव्या माणसाला वाटायचं, यांचं काहीतरी पडलंय. एकदोघं भले लोक वाकून त्यांच्यासोबत शोधूही लागले होते. बाबू त्यांना थोडा वेळ शोधू देत आणि मग सांगत, पडलं काहीच नाही, मी अठून कोण गेलं ते पाहून राह्यलो.

बांधकाम खात्यात ते ओव्हरसियर होते. म्हणजे साहेबाच्या खालचा आणि मुकादमाच्या वरचा, दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस. उंच, वाळकुडे, वर्षानुवर्षं तोच पांढरा शर्ट. पायात कॅनव्हासचे बूट, आणि दोन्ही बुटांना अंगठ्यापाशी ब्लेडनं कापून भोकं पाडलेली. मी एकदा न राहवून विचारलं तर म्हणाले, अंगठ्याले जमीन समजते, बूट तिले बोलू देत नाई. आता यावर काय बोलणार? आमच्याकडे असल्या माणसाला सरळ झक्की म्हणतात. मीही म्हणत होते.

आमची ओळख भांडणानं झाली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली होती. मी देवळीच्या हायस्कुलात गणित शिकवत होते. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात फाटकासमोरच्या पुलियावर, नालीवरच्या छोट्या पुलावर, एक माणूस येऊन बसायला लागला. तीन दिवस सलग. बघायचा कुठं, तर येणाऱ्या मुलींच्या पायांकडे. चौथ्या दिवशी मी छत्री घेऊनच बाहेर गेले. माझा स्वभाव तेव्हाही हाच, आधी झाडायचं आणि मग विचारायचं. चांगली पाच मिनिटं झाडलं. पोरीबाळींच्या शाळेसमोर बसताना लाज नाही वाटत, केस पिकले तुमचे, हेडमास्तरांना बोलावू का, सगळं झालं. ते उठून उभे राहिले. माझं संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि वहीचं एक पान माझ्यापुढे धरलं.

पानावर आजूबाजूच्या गावांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे उभ्या रेघा. बोरखेडीच्या ओळीत त्यांनी बोट ठेवलं. तिथल्या गावशाळेत मागच्या वर्षी सातवीत नऊ मुली होत्या. आमच्या आठवीत बोरखेडीची एकही नव्हती.

"बाई, ह्या नऊ पोट्ट्या कुठी गेल्या?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. अख्ख्या देवळीला माहीत होतं. बोरखेडीहून यायचं तर मोठ्या सडकेनं अडीच कोस. कापसाच्या दिवसांत त्या सडकेवर बैलबंड्यांची रांग, आणि रांगेला खेटून ट्रक. दोन वर्षांपूर्वी शाळेत येणाऱ्या एका मुलीला ट्रकनं उडवलं. सुमन नाव तिचं. जागीच गेली. तेव्हापासून बोरखेडीच्या मुलींचं सातवीनंतर बंद. मुलगे येतच होते, त्याच सडकेनं, त्याच ट्रकांना चुकवत. मुलींचं मात्र गावानं ठरवून टाकलं, आणि खरं सांगायचं तर शाळेनंही ते ऐकून घेतलं होतं. मी त्या माणसावर उगारलेली छत्री खाली केली.

मग त्यांनी मला पांदणीची गोष्ट सांगितली. गावाच्या जुन्या नकाशात बोरखेडीपासून देवळीपर्यंत वावरांमधून दोन तुटक रेघा जातात. ती पांदण. सरकारी जमीन, बैलबंडीची जुनी वाट. सडक झाली आणि लोकांनी ती सोडली. मग दोन्ही अंगाच्या शेतकऱ्यांनी दरसाल नांगराच्या एकेका तासाएवढी जमीन आत घेतली, आणि जिथून दोन बंड्या शेजारून जात तिथून आता शेळी जाईना. बाबूंचं म्हणणं, ही पांदण मोकळी करायची. खाली बंडीवाट ठेवायची आणि तिच्या अंगाला मुरुमाची उंच पट्टी बांधायची, फक्त पायी जाणाऱ्यांची आणि सायकलींची. मध्ये निंबाची रांग. पट्टी केवढी, तर दोन सायकली शेजारी-शेजारी जातील एवढी. मी म्हटलं, एक मावली तरी पुष्कळ. ते म्हणाले, एकटी पोट्टी भेते, दोघी गोष्टी करत गेल्या तर वाट अर्धी होते. पट्टीच्या कडेला तूर पेरू द्यायची नाही, हेही त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. तूर डोक्याच्या वर जाते, पलीकडचं दिसत नाही, आणि मुलीला लांबून दिसलं पाहिजे.

साहेबांनी म्हणे या वाटेचा कागद पाहून विचारलं, निस्ताने, नकाशात पोरी कुठे आहेत? बाबूंनी तो कागद गुमान परत घेतला आणि 'पांदण दुरुस्ती' असं लिहून रोजगार हमीच्या कामांत बसवला. आतलं चित्र तेच होतं.

जमीन सोडवून घ्यायची त्यांची रीत वेगळी होती. नोटीस नाही, पोलीस नाही. ते शेतकऱ्याला घेऊन धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसत आणि विचारत, तुमचा बाप अठून बंडी कशी नेत होता, जरा चालून दाखवा. माणूस स्वतःच्या बापाच्या चाकोरीवरून चालायला लागला की त्याला खोटं चालता येत नाही, असा त्यांचा भरवसा. बहुतेकांच्या बाबतीत तो खराही ठरला. अडला तो चंपतराव. देवळीत किराण्याचं दुकान, बोरखेडीच्या शिवारात वावर, आणि पांदण सगळ्यात जास्त गिळलेली त्यानंच. तो म्हणे, माझ्या वावरातून पांदण नव्हतीच. बाबूंनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी गेले ते चंपतरावाच्या आईकडे. म्हातारीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तिला एवढंच विचारलं, माय, तुम्ही नवरी होऊन आल्या तवा बंडी कुठून आली होती? म्हातारी काठी घेऊन उठली. मी त्या दिवशी तिथं होते, रविवार होता. ती उभ्या तुरीत शिरली आणि न अडखळता सरळ चालत गेली, मध्येच थांबून म्हणाली, अठी बाभूळ होती, अठी आम्ही पाणी पेलो. तुरीच्या ओळी मोडत होत्या आणि चंपतराव मागे हात बांधून उभा होता. आईला थांब म्हणायची त्याची छाती झाली नाही. पीक निघाल्यावर त्यानं धुरा मागे घेतला.

आणखी एक त्यांचं वेड सांगते. मुरूम पडायला लागल्यावर एक दिवस ते माझ्याकडे आले आणि माझी लेडीज सायकल मागितली. मागे पुस्तकांचं पोतं बांधलं, हँडलला जेवणाचा डब्बा अडकवला आणि पट्टीवरून दोनदा जाऊन आले. बोरखेडीचे पोट्टे हसून गडाबडा लोळले. बाबूंना त्याचं काही नव्हतं. चढावर कुठं उतरून सायकल हाती धरावी लागते, वळणावर पोतं कुठं कलतं, ते सगळं त्यांनी वहीत लिहिलं आणि दोन ठिकाणचा चढ खोदून कमी करवला. असा रस्ता करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पण हे सगळं एका घरावर येऊन थांबत होतं. महादेवराव चौधरींच्या. मेलेली सुमन त्यांच्या भावाची पोर. त्यांची स्वतःची शकुन त्या वर्षी सातवीत होती, आणि महादेवराव हो म्हणाले तरच गाव हो म्हणणार होतं. बाबू त्यांच्या ओसरीवर किती वेळा जाऊन बसले याचा हिशेब नाही. महादेवराव माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. शेवटी एकदा म्हणाले, बाबू, सरकारचा मले भरोसा नाई, तुमचा आहे, तुम्ही स्वतः येऊन म्हणा की वाट पक्की झाली, मंग पाठवतो. बाबूंनी शब्द दिला. येत्या जूनमध्ये शकुन या वाटेनं शाळेत जाईल, तुम्हाले सांगाले मी स्वतः येईन.

शब्द दिला आणि तिथूनच घाई शिरली.

त्यांची काम करायची पद्धत अशी, की वाट आपण आखायची नाही. लोक कुठून चालतात ते पाहायचं, पावलांच्या खुणांवर चुना टाकायचा आणि जिथं चुना दाट होईल तिथून वाट न्यायची. पाय झूट बोलत नाई, बाई, हे ते मला दहादा तरी म्हणाले असतील. पांदणीला मध्ये एक नाला आडवा जातो. भर वैशाखात बाबू तीन आठवडे त्या नाल्यावर चुना घेऊन बसले. नाला कोरडा ठणठणीत. सगळी माणसं पसरट, वाळूच्या जागेवरून सरळ पलीकडे जात होती. चुना तिथंच दाट झाला. रपटा तिथं बांधायचा ठरला. रपटा म्हणजे नाल्याच्या तळाशी टाकलेला दगडी बांध, पाणी वरून जातं आणि माणसंही वरूनच जातात.

कामावर कौसाबाई नावाची एक बाई होती, बोरखेडीचीच, डोक्यावरून मुरूम वाहणारी. तिनं त्यांना सांगितलं होतं, बाबू, पावसाळ्यात अठून कोणी जात नाई. तिला नाल्याच्या वरच्या अंगाला बोट दाखवून आणखी काही सांगायचं होतं. बाबूंनी तिला चुना दाखवला. नकाशा मंजूर झाला होता, जून तोंडावर होता, आणि त्यांचा विश्वास त्या पांढऱ्या ठशांवर होता. आयुष्यभर लोकांना विचारत चाललेला माणूस, आणि त्या एका दिवशी त्यानं ऐकलं नाही.

जूनमध्ये शकुन आली. बाबू दिल्या शब्दाप्रमाणे महादेवरावांच्या ओसरीवर जाऊन वाट पक्की झाली म्हणून सांगून आले होते. तिच्यासोबत आणखी चार जणी आल्या. शकुन सावळी, हडकुळी, दोन वेण्या वर बांधलेल्या. गणितात अशी की मी फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार. वर्गात हात वर करत नसे, नुसती माझ्याकडे पाहायची. मला कळायचं. जेमतेम दोन महिने ती माझ्या वर्गात होती.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, शाळा सुटायच्या वेळी आभाळ नाल्याच्या वरच्या अंगाला बरसलं. आमच्याकडे तर थेंब नव्हता. पोरी रपट्याशी पोचल्या तेव्हा पाणी टोंगळ्याएवढं, गुडघाभर, होतं. शकुननं चौघींना एकेक करून हात धरून पलीकडे नेलं. मग आपली सायकल आणायला परत आली. रपट्यावर काळ्या मातीचा गाळ बसला होता, तिथं पाय सरकला. पाण्यानं तिला दोन वावरं खाली नेलं. एका बाभळीला अडकली. बैल घेऊन घरी निघालेल्या माणसानं काढली. जीव वाचला. उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

त्या दिवसापासून पाचही जणी बंद.

तिसऱ्या दिवशी बाबू शाळेत आले. स्टाफरूमच्या बाकावर बसले. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"बाई," ते म्हणाले, "मी उन्हाळ्याचे पाय मोजले."

मला आधी समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं, कौसाबाईला काय सांगायचं होतं ते. पाऊस लागला की बोरखेडीचे लोक त्या वाळूच्या जागेकडे फिरकतच नाहीत. अर्धा मैल वर जातात, तिथं नाल्यात खडक आहे, पाणी तिथं अरुंद होऊन खालून निघून जातं. गावातलं शेंबडं पोर हे जाणतं. बाबूंना कोणी सांगितलं नाही, कारण त्यांनी वैशाखात विचारलं, आणि वैशाखात पावसाळ्याची वाट कोण सांगतो? एकीनं सांगितली, तर तिचं ऐकलं नाही.  मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही मी गिळलं.

राहिलेला सगळा पावसाळा तो माणूस नाल्यावर भिजत होता. चुना पावसात टिकत नाही, म्हणून माणूस जिथून गेला तिथं तुराटीची काडी रोवायची. छत्री नाही, कामाचा आदेश नाही, रजा टाकलेली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी वाट खडकाकडे वळवली, चंपतरावाच्याच धुऱ्यावरून, आणि चंपतराव या वेळी एक शब्द बोलला नाही. खडकावर दगडी पायऱ्या केल्या, पायऱ्यांच्या कडेनं सायकल चढवायला उतरती पन्हळ केली. जूनच्या आधी वाट तयार झाली. पक्की झाली. अजून आहे.

आणि त्याच जूनमध्ये बाबूंची बदली समुद्रपूरकडे झाली. ते गेले. जाण्याआधी महादेवरावांकडे गेले नाहीत. त्या वर्षभरात ते बोरखेडीत पायच ठेवत नव्हते, कामावर जायचं तरी गावाला बाहेरून वळसा घालून जात. मी एकदा म्हटलं की एकदा जाऊन या. ते म्हणाले, कोणत्या तोंडानं जाऊ, बाई? मला ते बरोबर वाटलं. खोटं का बोलू, मला त्यांची ती लाज आवडली होती. चूक कबूल करणारा माणूस सरकारी खात्यात दिसतो कुठं, असं मी चार जणांना कौतुकानं सांगितलंही.

त्या जूनमध्ये बोरखेडीहून कोणी आलं नाही. वाट एका पावसाळ्यात टिकली हे पाहून पुढच्या वर्षी दोघी आल्या, मग सात, मग दरवर्षी घोळका यायला लागला. शकुनचं लग्न त्याच्या आत, वैशाखात, होऊन गेलं होतं.

दहा वर्षं अशीच गेली. एका हिवाळ्यात मी मुलींची सहल घेऊन गिरडला गेले. फरीदबाबांच्या टेकडीवर दर्शन झालं, मुली खाली डबे उघडून बसल्या, आणि गर्दीतून निस्तानेबाबू आले. रिटायर होऊन तिथंच राहिले होते. टेकडी चढताना म्हाताऱ्यांना दम लागतो तो कुठं, ते पाहत दिवसभर बसतात, असं तिथला फुलवाला मला हसत हसत सांगून गेला. बाबूंनी माझी चौकशी केली. मग बोरखेडीच्या किती मुली आणल्या ते विचारलं. मी हाक मारून त्या सहाही जणींना उभं केलं. बाबूंना बरं वाटलं असावं. त्यांनी त्यांना शेंगदाणे दिले.

तेवढ्यात कडेवर लहान पोर घेतलेली एक बाई आली. देवळीच्या शाळेची बस आली असं ऐकून जवळच्याच गावाहून चालत आली होती. उजवा हात कोपरात सरळ होत नव्हता, त्यावरून मी तिला ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखलं नाही, ही माझी शरम.

शकुननं माझ्या तब्येतीचं विचारलं, शाळेचं विचारलं. बाबूंनी तिला पाहिलं आणि ते उभे राहिले. ते तिच्याशी बोलायला लागले, आणि कितीतरी दिवस मनात घोळवलेलं असावं तसं बोलले. माह्या चुकीनं तुहा हात गेला, तुही शाळा गेली, मी त्या वैशाखात आंधळा होतो, मले माफ कर. तिनं सगळं ऐकून घेतलं. पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हाताचं काई नाई, बाबू," ती म्हणाली. "हात दिवाळीले बरा झालता. तुम्ही नवी वाट केली, ते आम्ही घरून पाहून राह्यलो होतो. मी रोज बाले विचारो, आता जाऊ का? बा म्हणे, बाबू येऊन सांगू दे, मंग जाजो. सारा जून मी दप्तर भरून ठेवलं होतं. तुम्ही आलेच नाई."

आवाज चढवला नाही तिनं. तक्रार करतेय असंही वाटलं नाही.  महादेवरावांनी घातलेली ती अट मला माहीत होती, बाबूंनाही माहीत होती. तुम्ही स्वतः येऊन म्हणा. आम्हा दोघांनाही ती एका पावसाची अट वाटली होती. तो माणूस दुसऱ्या जूनमध्येही तसाच ओसरीवर बसून वाट पाहत असेल, हे आमच्या डोक्यातही आलं नाही. आम्ही लाज धरून बसलो होतो आणि ती पोर दप्तर घेऊन बसली होती.

तिचा नवरा लांबून हाक मारत होता. जाताना ती वाकून माझ्या पाया पडली, मग बाबूंच्या पाया पडायला वाकली. बाबूंनी पाय मागे घेतले. ती थोडी थांबली, पोराचा हात त्यांना हलवून दाखवला आणि गेली.

मी मुलींना बसमध्ये चढवलं. बाबू माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत या माणसानं कधी कोणाला बोल लावलेला मी ऐकला नव्हता. साहेबाला नाही, चंपतरावाला नाही.

"बाई," ते म्हणाले, "मी म्हटलं, कोणत्या तोंडानं जाऊ. तवा तुम्ही तरी मले म्हणाले पाह्यजे होतं, असल्या तोंडानं जा म्हणून."

माझ्या वर्गातली मुलगी होती ती. बोरखेडी अडीच कोसांवर होती, माझ्याकडे सायकल होती आणि वाट पक्की झाली होती. मीसुद्धा गेले नव्हते. हे मला त्यांना सांगायचं होतं. पण ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि मी खिडकीबाहेर पाहिलं तेव्हा बाबू वळून चालायला लागले होते.